चित्रांतील स्तोभ

गेल्या महिन्यांत आमच्याकडे जीं पत्रें आलीं त्यांपैकीं एका वाचकभगिनीचें पत्र आम्हीं दोन वेळां वाचलें. त्यांच्या सासरचा वाडा आतां पाडला जाणार आहे. एकत्र नांदणारीं चार बिऱ्हाडें नव्या इमारतींत वेगवेगळ्या मजल्यांवर जाणार, आणि देवघर, माजघर व कोठी यांतील जुन्या वस्तूंपैकीं कांहींची वांटणी होऊन कांहीं मोडींत निघणार. तत्पूर्वीं प्रत्येक वस्तूचें छायाचित्र घेऊन ठेवावें म्हणून बाईंनीं एका रविवारीं मोबाइलवर ४०० चित्रें घेतलीं. रात्रीं सर्व मंडळी तीं पाहावयास बसली तेव्हां थोरल्या सासूबाई म्हणाल्या, "यांत सगळें आहे, पण माझी सहाण कोठें आहे?" सहाण तीन चित्रांत होती. ती कोणाच्याच दृष्टीस पडली नाहीं. "असें कां व्हावें?" अशी बाईंची पृच्छा आहे.

प्रश्न छायाचित्रणाचा आणि आमचें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलेलें. तरीही उत्तर देण्याचें धाडस आम्ही करतों. कारण यांत यंत्राचा भाग थोडा असून काय वगळावें हा भाग मोठा आहे, आणि हा दुसरा विषय व्याकरण शिकविणाऱ्यास अगदींच परका नाहीं.

सूत्र कशास म्हणावें याविषयीं आपल्याकडे जुनी व्याख्या आहे. अक्षरें थोडीं असावीं, अर्थाविषयीं संदेह राहूं नये, आंत सार असावें, इत्यादि गुण तींत सांगितले आहेत. त्यांतच 'अस्तोभ' असा एक गुण आहे, आणि तेथें विद्यार्थी नेहमीं अडतो. सामगायनांत स्वर भरून काढण्यासाठीं मध्यें मध्यें 'हाउ', 'होइ' अशीं जीं अर्थहीन अक्षरें घालतात त्यांस स्तोभ म्हणतात. गायनांत त्यांचें स्थान मानाचें आहे. सूत्रांत मात्र अशा भरतीला थारा नाहीं. जें काढून टाकलें असतां अर्थांत कांहींच उणें होत नाहीं तें सूत्रांत असतांच कामा नये.

बाईंनीं नमुन्यादाखल पाठविलेलें चित्र आतां या दृष्टीनें पाहूं. देवघराच्या कट्ट्यावर सहाण आहे. तिच्याशेजारीं तांब्या, वातींचा डबा, काडेपेटी, उदबत्तीचें घर. मागें भिंतीवर एक कॅलेंडर, त्याखालीं विजेचें बटण. आणि खालच्या कोपऱ्यांत चित्र घेणाऱ्याच्याच पायाचा अंगठा. सहाणेपेक्षां कॅलेंडरावरील आंकडे अधिक ठळक आले आहेत. वरून फ्लॅशचा झोत पडल्यामुळें दगड पांढराफटक दिसतो, आणि पिढ्यानुपिढ्यांच्या चंदन उगाळण्यानें तिच्या मध्यभागीं जो खळगा पडला असेल त्याचा मागमूसही नाहीं. सासूबाईंना जी सहाण ओळखीची आहे ती त्या खळग्याची सहाण. ती चित्रांत नाहींच, हें त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें आहे.

मोठ्या कुटुंबांतून वाढलेल्या आपल्या डोळ्यांना भरण्याचीच संवय असते, यांत नवल नाहीं. मुंजीच्या वा लग्नाच्या फोटोंत कोणी सुटतां कामा नये. मागच्या रांगेंतील एखाद्या मामेभावाचा अर्धा चेहरा खांबाआड गेला तरी पुढें बारा वर्षें प्रत्येक कार्यांत त्याची आठवण दिली जाते. त्या फोटोपुरता हा नियम योग्यच आहे. माणसाला वगळणें म्हणजे त्याचा अपमान. परंतु तांब्याला मानापमान नसतो, आणि कॅलेंडर तर कोणाच्याच नात्यांतलें नव्हे. माणसांना लावावयाचा नियम आपण वस्तूंना लावतों, म्हणून ४०० चित्रांत एकही वस्तु सांपडत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, ज्यांचीं घरें मोकळीं नि पांढऱ्या भिंतींचीं त्यांना हें जमेल. वाड्यांत मोकळी जागा आणावयाची कोठून? अशा गृहस्थांना आम्ही योसेफ सुदेक या झेक छायाचित्रकाराची हकीगत सांगूं. १८९६ मध्यें बोहेमियांतील कोलीन या गांवीं त्याचा जन्म झाला. पुस्तकबांधणीचा धंदा तो शिकला. परंतु पहिल्या महायुद्धांत इटलीच्या आघाडीवर जखमी होऊन त्याचा उजवा हात गेला, आणि पुढें १९७६ पर्यंतचें आयुष्य त्यानें प्राग शहरांत एका हातानें अवजड कॅमेरे हाताळण्यांत घालविलें. जर्मन सत्तेखालीं बाहेर कॅमेरा घेऊन हिंडणें अवघड झालें असतां त्यानें आपल्याच कार्यशाळेच्या खिडकीकडे दृष्टि वळविली. खिडकीचीं हीं चित्रें तो १९४० ते १९५४ पर्यंत घेत राहिला. पुढें पाण्याचा पेला, एखादें अंडें, पावाचा तुकडा, अशा साध्या वस्तूंचीं चित्रेंही त्यानें पुष्कळ घेतलीं. तीं पाहतांना वाटतें कीं हा मनुष्य एखाद्या संन्याशाच्या मठींत राहत असावा. वस्तुतः त्याची खोली कागद, पेट्या नि अडगळ यांनीं इतकी भरलेली असे कीं आपल्या कोठ्या तिच्यापुढें नीटनेटक्या ठराव्या! त्यानें घर रिकामें केलें नाहीं. खिडकीच्या कट्ट्यावरची हातभर जागा तेवढी मोकळी केली. तेवढी जागा कोणत्याही वाड्यांत निघते.

अमेरिकेंत एडवर्ड वेस्टन यानें १९३० मध्यें एका ढोबळ्या मिरचीचें जें चित्र घेतलें तें 'मिरची क्रमांक ३०' या नांवानें जगभर माहीत आहे. त्यानें मिरचीसाठीं काय सजावट केली? पत्र्याचें एक नरसाळें आडवें ठेवून त्यांत ती बसविली. पत्र्याच्या बांकदार आंतील अंगावरून उजेड परतून मिरचीच्या वळणांवर खेळला आणि मागें दिसण्याजोगें दुसरें कांहीं उरलेंच नाहीं. क्रमांकावरून त्याची चिकाटीही ध्यानांत यावी. आंद्रे केर्तेस यानें १९२८ मध्यें पॅरिस येथें घेतलेलें कांट्याचें चित्र याहूनही साधें आहे: बशीच्या कडेवर टेकलेला जेवणाचा कांटा नि त्याची सांवली, एवढेंच. या दोघांनींही वस्तु उचलली ती स्वयंपाकघरांतली. त्यांपैकीं वेस्टनची मिरची तर काम झाल्यावर पोटांत गेली.

आतां सहाणेकडे वळूं. सहाण पुसून घ्यावी, पण घासून नवी करूं नये. कडेला चंदनाचा जुना थर असेल तर तो तसाच असूं द्यावा. खिडकीजवळ, जेथें थेट ऊन नाहीं परंतु उजेड आहे अशा ठिकाणीं एखादी साधी लांकडी फळी ठेवून तीवर सहाण मांडावी. पांढऱ्या चादरीचा मोह टाळलेला बरा. चादरीच्या सुरकुत्या या देखील स्तोभच होत. फ्लॅश बंद करावा, आणि खोलींतले दिवेही मालवावे. ट्यूबलाइट नि खिडकी दोन्हींचा उजेड मिसळला म्हणजे एका वस्तूला दोन सांवल्या पडतात नि रंगही दोन तऱ्हेचे येतात. मुख्य गोष्ट ही कीं, उजेड सहाणेवर एका कुशीवरून यावा. समोरून आलेला उजेड खळगा भरून टाकतो. बाजूनें आलेला उजेड खिडकीकडची कड ओलांडून जातांना आंत अंधार सोडतो नि पलीकडच्या उतारावर जाऊन थांबतो. त्या अंधारामुळेंच खोली कळते. सासूबाईंची सहाण तेथें आहे.

मोबाइल ठीक वरून धरल्यास सहाण नुसती चकतीसारखी दिसेल. अगदीं समोरून धरल्यास खळगा कडेआड जाईल. पाटावर बसून उगाळतांना ती जशी दिसते तशी, तिरकस नजरेनें, पाहावी. मोबाइलचें नेहमींचें भिंग रुंद पाहणारें असल्यामुळें फार जवळ गेल्यास पुढची कड फुगून येते. म्हणून थोडें मागें सरून दुप्पट मोठें करून घ्यावें. पडद्यावर सहाणेवर बोट दाबून धरलें म्हणजे बहुतेक मोबाइलांत उजेडाचें माप तेथें स्थिर होतें. मग बोट खालीं ओढून चित्र किंचित् काळोखें करावें. यंत्राची समजूत अशी असते कीं जगांतील प्रत्येक वस्तु मध्यम करड्या रंगाची आहे. त्यामुळें काळा लोखंडी तवा तें राखाडी करून टाकतें, नि पांढरें कापड मळकट. तव्याच्या वेळीं उजेड कमी करावा, कापडाच्या वेळीं वाढवावा. तांब्यापितळेच्या भांड्यांत घेणाऱ्याचें स्वतःचें प्रतिबिंब पडतें तें निराळेंच. तेथें एक पाऊल बाजूस होण्याखेरीज उपाय नाहीं.

चौकटींत वस्तु मधोमध नसावी असा दंडक हल्लीं फार सांगितला जातो. आम्ही तो मानीत नाहीं. गोल वस्तूला मध्य शोभतो. मात्र जिकडे सांवली पडते तिकडे जागा अधिक सोडावी, कारण अशा चित्रांत सांवली ही दुसरी वस्तुच असते, आणि तिला बसावयास पाट नको काय? कडेला कांहीं नुसतें चिकटूं देऊं नये. एक तर तें पुरतें आंत असावें किंवा स्पष्टपणें तोडलेलें असावें.

येथपर्यंत थोडक्या अक्षरांची गोष्ट झाली. परंतु सूत्र केवळ लहान असून भागत नाहीं, तें असंदिग्धही असावें लागतें, आणि आजकालच्या पुष्कळ रिकाम्या चित्रांचें घोडें येथेंच पेंड खातें. अथांग आकाश नि कोपऱ्यांत एक पक्षी, किंवा लांबच लांब भिंत नि तीवर एक खुंटी, अशीं चित्रें आमच्या नातवंडांच्या मोबाइलवर आम्हीं शेंकड्यांनीं पाहिलीं आहेत. त्यांतील थोड्यांत मौन असतें. बाकींच्यांत बोलण्यासारखें कांहीं नसतें, एवढेंच. (फुलांच्या गुच्छावर 'शुभ प्रभात' असें लिहिलेलीं जीं चित्रें रोज पहांटे येतात त्यांच्यापेक्षां तींही बरीं, हें आम्ही कबूल करतों.) नुसती सहाण फळीवर ठेवली, तर आज घरांतील सर्वांना ती कळेल, पण वीस वर्षांनीं तिसऱ्या मजल्यावर वाढलेल्या पणतवंडाला तो एक गोल दगड वाटेल. म्हणून शेजारीं चंदनाचें खोड हवें. त्यानें वस्तु कोणती तें कळतें, आकार केवढा तेंही कळतें. खोडापुढें फूल आणलें कीं स्तोभास आरंभ झाला. अडकित्त्याला एक सुपारी पुरते. पानाचें तबक मांडूं नये. रवीला तिची दोरी हवी, कारण दांड्यावरील घांसलेल्या खांचा दोरीवांचून उमजत नाहींत. पोळपाटाला कांहींच नको. मांडणी झाल्यावर एक एक वस्तु उचलून पाहावी. जिच्या जाण्यानें अर्थ लंगडतो ती परत ठेवावी, बाकीच्या कपाटांत जाऊं द्याव्या.

नको असलेली वस्तु चित्र घेतल्यावर बोटानें पुसून टाकण्याची सोय नव्या मोबाइलांत झाली आहे. बाईंच्या चिरंजीवांनीं तीच सुचविली असल्याचें पत्रांत लिहिलें आहे. विनोदाच्या चित्रांत ती खुशाल वापरावी. येथें आमचा तिला विरोध आहे. कॅलेंडर पुसलें म्हणजे त्यामागची भिंत कांहीं यंत्राला दिसत नाहीं. तें शेजारच्या भिंतीवरून अंदाजानें नवी भिंत रंगवितें. जो वाडा पुढच्या वर्षीं नसेल त्याची एक खोटी भिंत घरांत जपून ठेवण्यांत काय अर्थ? कॅलेंडर खिळ्यावरून उतरविण्यास जितका वेळ लागतो तितकाच पुसण्यास लागतो, आणि उतरविल्यावर त्यामागें भिंतीचा जुना रंगही पाहावयास मिळतो.

४०० चित्रांचा हट्ट सोडून बाईंनीं रोज एक वस्तु घ्यावी. तिच्याखालीं ती कोणी वापरली, कोठें असे, कोणत्या सालीं घरांत आली, हें ठाऊक असेल तेवढें लिहावें. आरंभ मोडींत निघणाऱ्या वस्तूंपासून करावा. वांट्यास गेलेली सहाण कोणाच्या तरी घरीं पुन्हां पाहावयास मिळेल, मोडींत गेलेलें घंगाळ मिळणार नाहीं. पाट्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. तो खिडकीपाशीं नेण्यास दोन माणसें लागतील, नि ओढतांना कोपरा उडण्याची भीति. तो जागेवरच असूं द्यावा आणि उजेड तेथें येण्याची वाट पाहावी. स्वयंपाकघरांत त्या कोपऱ्यापर्यंत ऊन कोणत्या महिन्यांत नि किती वाजतां पोंचतें, हें सासूबाईंना विचारावें.