सैन्याची खतावणी

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीची खिंड साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी, महाशिवरात्रीस, सरसेनापती प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि धारातीर्थी पडले. खानाची फौज १५ हजारांची होती, असे सांगण्याचा प्रघात आहे. या दोन आकड्यांपैकी लहान आकडा अधिक भक्कम. कारण इंग्रजांचा दुभाषा नारायण शेणवी याने त्याच वर्षीच्या एप्रिलमधील पत्रात दोन डोंगरांमधील अरुंद वाट व सहा स्वार यांचा उल्लेख केला आहे. मोठ्या आकड्याची तपासणी मात्र दाणागोट्यावरून करावी लागते.

घोड्यास रोज दोन किलो दाणा धरला, तरी १५ हजार घोड्यांना ३०० क्विंटल लागतो. दहा किलोप्रमाणे वैरण धरल्यास १,५०० क्विंटल. एक बैल एक क्विंटल वाहतो असे मानले, तर केवळ एका दिवसाच्या दाण्याला ३०० बैल हवेत, आणि त्या बैलांनाही चारा हवाच. आडतीवर बसणाऱ्यास हा बोजा समजावून सांगावा लागत नाही.

शिवाय वहीतील आकडा आणि गल्ल्यातील रोकड यांत तफावत असतेच. शहाजहानच्या काळी मोगल मनसबदाराने जहागिरीच्या सुभ्यात चाकरी करताना नेमल्या स्वारांपैकी एकतृतीयांश आणि सुभ्याबाहेर एकचतुर्थांश हजर केले, तरी चालत असे. खोटी हजेरी रोखण्यासाठी अकबराने त्यापूर्वीच घोड्यांना डाग देण्याची पद्धत आणली होती.

या बाबतीत ग्रीक इतिहासकार हेरोडोटस प्रामाणिक म्हणावा, कारण त्याने हिशेब उघडा ठेवला. इराणी सम्राट झर्क्सीसने इ.स.पू. ४८० मध्ये दहा हजार माणसे दाटीने उभी करून त्यांच्याभोवती कुंपण घातले. ते १७० वेळा भरले, म्हणून पायदळ १७ लाख. धान्य पायलीने मापावे, तशी ही माणसे मापली! पुढे आरमार, स्वार व सेवक मिळवून बेरीज ५२,८३,२२० झाली. प्रत्येकी रोज एक खोइनिक्स गहू, ४८ खोइनिक्सांचा एक मेडिम्नोस. त्याने उत्तर १,१०,३४० मेडिम्नोस दिले. भागाकार केल्यास १,१०,०६७ येतात. म्हणजे २७३ मापे जास्त. पुष्कळ आधुनिक अभ्यासक ही फौज एक-दोन लाखांच्या आसपास आणतात.

नेसरीस बहलोलखानाचे स्वार १५ हजार होते की त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतके, याने सात जणांपुढील प्रसंग बदलत नाही. अरुंद वाटेत एका वेळी किती घोडे शेजारी उभे राहू शकतात, हे मात्र आजही तेथे जाऊन पावलांनी मोजता येते.