दांडा, बटण आणि त्यानंतर

सॅन फ्रान्सिस्कोच्या चार्ल्स फेने १८९०च्या दशकात तीन चक्रांचे जुगारयंत्र बनवले, तेव्हा दर डावाला दांडा ओढावा लागे. पुढे ब्रिटनच्या पबांतल्या फ्रूट मशीनवर बटण आले आणि काहींवर तर 'ऑटोप्ले'. एकदा नाणी टाकली की शिल्लक संपेपर्यंत चेरी-लिंबे आपोआप फिरणार, खेळणारा ग्लास धरून बघत राहणार!

बँकेत आम्हीही खातेदारांच्या 'स्टँडिंग इन्स्ट्रक्शन' घेत असू. पण तिथे निदान वीज बिल तरी भरले जाई. इथे 'पुरे' म्हणायची सवडच यंत्राने काढून घेतली. ब्रिटनने ३१ ऑक्टोबर २०२१ पासून ऑनलाइन स्लॉटवर ऑटोप्ले बंद केले, डाव किमान २.५ सेकंदांचा केला, हे मला पटते. सज्ञानांच्या स्वातंत्र्यावर हा घाला म्हणणाऱ्यांनी २.५ सेकंदांत नेमके काय गमावले, ते सांगावे.