पुसट ओळींचा गेम
गेम म्हणजे नुसती मारामारी, असं वाटणाऱ्यांनी ‘वेण्बा’ एकदा खेळून बघावा. टोरांटोच्या ‘विसाई गेम्स’ या छोट्या चमूने तो २०२३ मध्ये आणला. पुढच्या वर्षी बाफ्टाही मिळालं. १९८०च्या दशकात कॅनडात आलेलं तमिळ जोडपं आणि त्यांचा मुलगा कविन यांची ही गोष्ट. संवाद वाचायचे, उत्तर निवडायचं आणि स्वयंपाक करायचा. वेण्बाच्या आईच्या वहीतल्या ओळी पुसट झाल्यात, म्हणून इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या हेसुद्धा आपणच ताडायचं. चित्रं साधी, ठसठशीत रंगांची, पण आईचा उतरलेला चेहरा लगेच कळतो.

मी स्वतः कोड लिहून पोट भरतो, तरी मला भावली ती गोष्ट सांगण्याची युक्ती. इतका वेळ आईच्या बाजूने कविनवर चिडणारे आपण, आणि पुढे अचानक कविन होऊनच ती वही अडखळत वाचायची! मंडळातल्या ‘मराठी वाचवा’ भाषणांना हे कधी जमलं नाही.

शेजारी बसलेल्या माझ्या मुलाने विचारलं, “आजीची पण अशी वही आहे?” आहे, कपाटात. त्याला देवनागरी शिकवायचं मी तीन वर्षं पुढे ढकलतोय.