झुडपी जंगल : एक शब्द आणि ८६,४०९ हेक्टर जमीन

१/ नागपूरच्या उत्तरेस जरीपटका आहे. नाव मराठ्यांच्या निशाणाचे, वस्ती फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची. सत्ता बदलते तसा जमिनीचा उपयोग बदलतो आणि त्यामागोमाग दप्तरातील नोंद. याच शहराच्या आसपास एक नोंद मात्र राजवटी उलटूनही टिकली : 'झुडपी जंगल'. आजचा थ्रेड तिच्याविषयी.

२/ मुरमाड, उथळ मातीची जमीन. तीवर बोर, पळस, भराटी आणि पावसाळ्यानंतर उंच वाढणारे गवत. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशा जमिनी महसुली कागदांत या नावाने नोंदल्या गेल्या.

३/ १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. मालगुजारी पद्धतीत गावचा माळ मालगुजाराच्या ताब्यात असे, पण गुरे चारणे, सरपण आणणे, कुंपणासाठी काट्या तोडणे हा रयतेचा 'निस्तार' होता. म्हणजे ही जमीन पडीक म्हणवली गेली तरी गाव तिच्यावर जगत होते.

४/ १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ३१ मार्च १९५१ पासून हे माळ सरकारजमा झाले. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. नोंद तशीच पुढे आली.

५/ १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने वनजमिनीचा अन्य उपयोग करण्यासाठी केंद्राची पूर्वपरवानगी आवश्यक ठरवली. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेली जमीन, मालकी कोणाचीही असो, या कायद्याखाली येते. 'झुडपी जंगल' या नोंदीतील दुसरा शब्द आता निर्णायक झाला.

६/ दरम्यान अशा जमिनींवर घरे, शाळा, शासकीय कचेऱ्या, दफनभूमी उभ्या राहिल्या होत्या. २२ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला : झुडपी जंगल हे वनच आहे. १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांसाठी अपवाद म्हणून केंद्राच्या मंजुरीचा मार्ग खुला ठेवला आणि उर्वरित जमीन वन विभागाच्या ताब्यात देण्यास सांगितले.

७/ या निकालाचे मी स्वागत करतो. गोरगरिबांची घरे वाचली आणि मोकळ्या माळांना संरक्षण मिळाले. तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो. राज्याने यांपैकी ८६,४०९ हेक्टर जमीन 'वनव्यवस्थापनास अयोग्य' मानली होती. अयोग्य कशासाठी? उंच, दाट झाडी वाढवण्यासाठी. तिथे आज काय जगते, हा प्रश्न त्या शेऱ्यात कुठेच नाही.

८/ पवन्या आणि मारवेल ही गवते, त्यांवर चरणारी गवळाऊ गाय, लांडगा, ससा, चंडोल, लावा यांचे घर हेच माळ. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा-भद्रावती परिसर तर माळढोकासाठी ओळखला गेला. वृक्षांची गणती करणाऱ्या डोळ्यांना हे वैभव दिसत नाही.

९/ म्हणून धोका दुहेरी आहे. 'निरुपयोगी' म्हटले तर जमीन प्लॉटसाठी जाते. 'वन' म्हटले तर खड्डे खणून रोपे लावली जातात आणि गवताळ माळ हिरवळीच्या नावाखाली नष्ट होतो. पर्यायी वनीकरणासाठी या जमिनी सहजासहजी वापरता येऊ नयेत अशी अट निकालात आहे. ती कसोशीने पाळली जावी.

१०/ आपल्याकडे पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन १९९४ च्या, आणि आता २००६ च्या अधिसूचनेनुसार होते. पण ते प्रकल्पाचे. जमिनीचा उपयोग ठरवणारी नोंद बदलताना मात्र तशी सक्ती नाही. अमेरिकेत १९७० पासून लागू असलेल्या कायद्यानुसार संघीय सार्वजनिक जमिनींचे उपयोग ठरवणाऱ्या आराखड्यांचेही परिणाम आधी तपासावे लागतात. खाणीचा किंवा रस्त्याचा प्रस्ताव येईपर्यंत थांबावे लागत नाही.

११/ माझी मागणी साधी आहे. कोणताही झुडपी तुकडा वळता करण्यापूर्वी, तसेच तिथे वृक्षारोपण करण्यापूर्वी, त्याची गटनिहाय पाहणी व्हावी. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतरही. तिच्यात गुराख्यांची साक्ष असावी, जुना निस्तार तपासावा आणि अहवाल ग्रामसभेपुढे मराठीत वाचला जावा.

१२/ यावर 'याने विलंब होईल' असा आक्षेप येईल. राहत्या घरांचे पट्टे यासाठी अडवू नयेत. तिथला माळ केव्हाच संपला आहे. पण मोकळ्या तुकड्यावर एकदा काँक्रीट पडले किंवा नांगर फिरला की ते गवत परत आणणे फार कठीण.

१३/ आपले गाव या सहा जिल्ह्यांत असेल तर तलाठ्याकडील जुनी नोंद अवश्य पाहा, आणि मग तो माळ पायी हिंडून या. तिथे काय उगवते, कोण चरते, कोणते पक्षी उतरतात ते लिहून ठेवा. उद्या या जमिनीविषयी निर्णय होईल तेव्हा पुरावा म्हणून ते टिपण उपयोगी पडेल.