गाडी उंच झाली, पण वहिनींना बसवेना!



आपल्या पत्रिकेत लागणीचे, खोडव्याचे, ठिबकचे लेख येतात, आणि ते यायलाच हवेत. आज मात्र मी एका वेगळ्याच गोष्टीवर चार शब्द लिहिणार आहे. विषय आहे जीपगाडीच्या पाट्यांचा आणि शॉकपचा. कुणी म्हणेल, हा विषय गॅरेजमध्ये बोलायचा. पण आपल्या कार्यक्षेत्रात गाडी उंच करून घेण्याची टूम निघाली आहे, तिच्यावर उसाच्या बिलातले पैसे खर्च होत आहेत, आणि त्या गाडीत शेवटी आपलीच म्हातारी-कोतारी माणसं बसतात. म्हणून हा प्रपंच.

आमच्या घरचीच हकिकत सांगतो. गेल्या हंगामात पुतण्याने पाट्यांची जुनी जीप घेतली. शहरातल्या एका गॅरेजात नेऊन ती चार इंच उंच करून आणली. जाड पाटे, भारी शॉकप, मोठे टायर. गाडी दिसायला झकास, वाघासारखी! पुढे महिन्याभरात वहिनींच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. दवाखान्यातून घरी आणायला अर्थातच ही जीप. डांबरी रस्ता कसाबसा निभावला. वस्तीकडे जाणारी तीन किलोमीटरची पाणंद लागली आणि वहिनी रडायलाच लागल्या. पहिल्या ओढ्यापाशीच म्हणाल्या, "मला इथंच उतरवा, पण ही गाडी नको." शेवटी शेजाऱ्यांची टायरगाडी बोलावली, तिच्यात पाचट अंथरलं आणि बैलांच्या चालीने त्यांना घरी नेलं.

रात्री पुतण्या माझ्याकडे आला. म्हणाला, "तात्या, एवढा पैसा घातला, गाडी एवढी उंच झाली, मग आईला का सोसेना?"

मी कारखान्याच्या गाडीखात्यात उमेद घालवलेला माणूस. शेती खात्याच्या जीपगाड्यांखाली झोपून केस पांढरे झाले. मी त्याला सांगितलं, "अरे, तू उंची विकत घेतलीस, आराम नाही. त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत."

तोच मुद्दा इथे विस्ताराने मांडतो.

उंचीचा भ्रम

पहिली गोष्ट, गाडी उंच कशासाठी करायची? पुतण्याचं म्हणणं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनी पाणंदीत खोल चाकोऱ्या पडतात, मधल्या उंचवट्याला गाडीचं पोट घासतं. खरं आहे. पण अखंड ॲक्सलच्या जीपमध्ये पोटाशी सगळ्यात खाली काय असतं? डिफरन्शियलचा गोळा. आणि तो असतो पाट्यांच्या खाली, ॲक्सलवर. पाटे कितीही उंच केले तरी वर जातो तो सांगाडा आणि बॉडी, गोळा आहे तिथेच राहतो. त्याला वर उचलतो फक्त टायर. टायरचा व्यास दोन इंच वाढवला, तर गोळा एक इंच वर येतो. म्हणजे चार इंचाच्या पाट्यांनी चाकोरीतलं घासणं काही थांबलं नाही. मोठ्या टायरला जागा व्हावी आणि चाकाला वरखाली फिरायला वाव मिळावा, एवढ्यापुरतीच पाट्यांची उंची कामाची. त्याला दीड-दोन इंच पुष्कळ झाले.

त्याहून जास्त उंचीची किंमत मोजावी लागते. गाडीचं वजन वर जातं, बांधाच्या उतारावर ती लवकर कलंडते. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, जॉईंट थरथरतात आणि लवकर जातात. पुढच्या ॲक्सलचा कल बदलला की स्टिअरिंग डांबरी रस्त्यावर भिरभिरतं. ब्रेकचे रबरी पाईप ताणले जातात, आणि चाक खड्ड्यात पूर्ण लोंबकळलं की तुटायलाही कमी करत नाहीत. ही गंमत नाही, जिवाशी गाठ आहे.

आराम मोजायचा कसा

आपल्याकडे "कडक पाटे म्हणजे मजबूत गाडी" असा समज आहे. मिस्त्री एक पाटा जास्त घालतो आणि आपण खूश होतो. पण पाट्याचं काम दबण्याचं आहे. जो दबत नाही, तो धक्का जसाच्या तसा माणसाच्या कण्याकडे पाठवतो.

गाडी वरखाली किती वेगाने हेलकावते, यावर आराम ठरतो. मिनिटाला ६० ते ९० हेलकावे असले तर अंगाला सुखाचं वाटतं. १२० च्या पुढे गेलं की गाडी आपटू लागते. माणसाचं बसलेलं शरीर उभ्या हादऱ्यांपैकी सेकंदाला ४ ते ८ हादऱ्यांना सर्वांत जास्त दुखावतं, हे शास्त्रज्ञांनी मोजून ठेवलं आहे. कडक गाडी नेमकी त्या दिशेने सरकते.

हे मोजायला यंत्र लागत नाही. स्वतःवरच्या वजनाने स्प्रिंग किती सेंटीमीटर दबते ते काढायचं. त्याचं वर्गमूळ घेऊन ३०० ला भागायचं, की मिनिटाचे हेलकावे आले. २५ सेंटीमीटर दबली तर ६०, ११ दबली तर ९०, सव्वासहा दबली तर १२०. हिशेब संपला.

पुतण्याच्या जीपचं आम्ही तसंच केलं. काट्यावर गर्दी नसताना परवानगी घेऊन मागची दोन चाकं काट्यावर घेतली. ६२० किलो भरले. ॲक्सल आणि चाकांचं वजन पाट्यांवर येत नाही, ते साधारण १२० धरून वजा केलं. राहिले ५०० किलो, म्हणजे एका बाजूच्या पाट्यांवर २५०. मग घरी साखरेची पन्नास किलोची चार पोती बरोबर मागच्या ॲक्सलवर ठेवली, गाडी हलवून स्थिर होऊ दिली आणि मोजलं. गाडी दबली फक्त दीड सेंटीमीटर! म्हणजे एका बाजूला एक सेंटीमीटर दाबायला सुमारे ६७ किलो लागत होते. त्या हिशेबाने रिकाम्या गाडीचे पाटे पावणेचार सेंटीमीटरच दबलेले, आणि हेलकावे मिनिटाला १५५. वहिनी उगाच रडल्या नव्हत्या.

दोष पाट्यांचा म्हणावा, तर तोही नाही. ते पाटे होते जड ओझ्यासाठी. पुढे लोखंडी बंपर आणि विंच, मागे पाण्याच्या टाक्या आणि सामान असा कायमचा भार ज्याच्या गाडीवर आहे, त्याने ते घालावेत. आमच्या गाडीत असतो एक ड्रायव्हर आणि एक भाकरीचा डबा! गॅरेजवाल्याने गाडीत रोज किती वजन असतं हे विचारलं नाही, आणि आमच्या चिरंजीवांनी सांगितलं नाही.

पाटे कसे निवडावेत

पाट्याच्या जाडीत सगळी गोम आहे. सहा मिलीमीटरच्या जागी आठ मिलीमीटरचा पाटा घातला, तर तो सव्वादोन पटीपेक्षा जास्त कडक होतो. सारख्या जाडीच्या पाच पाट्यांत सहावा घातला, तर कडकपणा पाचव्या हिश्श्याने वाढतो. म्हणून आराम हवा असेल तर पाटे पातळ असावेत, संख्येने जास्त असले तरी चालेल. लांब पाटा आखूड पाट्यापेक्षा मऊ. पाट्यांमधली माती काढून ग्रॅफाईट ग्रीस लावलं नाही, तर गंजलेले पाटे एकमेकांना धरून बसतात आणि चांगली कमानही लाकडाच्या फळीसारखी वागते. शॅकलचे बुश आवळून जाम केले तरी तेच.

कॉइल स्प्रिंगचंही गणित असंच. पूर्वीच्या थारला मागे पाटे होते, २०२० च्या नव्या थारला चारही चाकांवर कॉइल आल्या, २०२३ च्या जिम्नीलाही कॉइलच आहेत. कॉइलची तार १४ वरून १५ मिलीमीटर झाली, इतर सगळं तेच राहिलं, तरी ती जवळपास तिसऱ्या हिश्श्याने कडक होते. म्हणून दुकानात "किती इंच उंच?" एवढंच विचारू नका. "एक सेंटीमीटर दाबायला किती किलो?" हे विचारा. ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून स्प्रिंग घेऊ नका.

उलट टोकही गाठू नये. फार मऊ स्प्रिंग घातली आणि घरची सहा माणसं बसली, की गाडी थेट रबरी ठोकळ्यावर आदळते. त्यासारखा वाईट धक्का नाही. म्हणून नेहमीचं ओझं धरून स्प्रिंग निवडावी आणि भरल्या गाडीतही ठोकळ्यापर्यंत चार-पाच सेंटीमीटर जागा उरते का ते पाहावं. मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा किंचित चपळ असावी. पुढचं चाक खड्ड्यात आधी जातं, मागचं नंतर. मागची बाजू जरा जलद हेलकावली तर ती पुढच्या बाजूला गाठते, आणि गाडी घोड्यासारखी मागेपुढे डुलत नाही.

शॉकप म्हणजे गाडीचा लगाम

शॉकप गाडीचं ओझं पेलत नाही, ते काम स्प्रिंगचं. दबलेली स्प्रिंग उसळते, तिला आवरणं एवढंच शॉकपचं काम. म्हणून शॉकप स्प्रिंगच्या जोडीचा असावा. कडक स्प्रिंग जोराने उसळते, तिला लगामही जास्त लागतो. मऊ स्प्रिंगवर तो भारी शॉकप बसवला, तर खडीच्या रस्त्यावर चाक खाली यायच्या आत दुसरा धक्का येतो, आणि गाडी दबत दबत ठोकळ्यावरच बसते. आमच्या जीपचा हा दुसरा रोग होता.

लांबीही पाहा. गाडी उंच करून शॉकप जुनाच ठेवला, तर चाक लोंबकळताना तो पूर्ण ताणला जाऊन तुटतो. फार लांब घेतला, तर दबताना तळाला लागून फुटतो. चाक पूर्ण खाली सोडून आणि पूर्ण वर दाबून, दोन्ही मापं टेपने घेऊनच शॉकप घ्यावा. पाणंदीत तासन्‌तास चालणाऱ्या गाडीत साध्या शॉकपच्या तेलाला फेस येतो आणि तो ढिला पडतो. गॅस भरलेला शॉकप त्या मानाने टिकतो.

आणि सगळ्यात स्वस्त स्प्रिंग म्हणजे टायरमधली हवा. लोखंडी धावेच्या बैलगाडीच्या जागी टायरगाडी आली, तेव्हा बैलांच्या मानेला आणि माणसाच्या पाठीला काय फरक पडला, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. त्या गाडीला एकही पाटा नसतो! पाणंदीत हळू चालताना थोडी हवा कमी ठेवावी, डांबरीवर येताच पुन्हा भरावी. हे विसरलं तर मात्र टायर तापून फुटेल.

कायदा आणि एक सूचना

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाल्यावर विमा कंपनी बोट ठेवते ते निराळंच. म्हणून काही करण्याआधी परिवहन कार्यालयात लेखी विचारून घ्यावं.

काहीजण म्हणतील, तात्या, गाडीला कशाला बोल लावता, पाणंदीच नीट करा. अगदी कबूल, त्यासाठी भांडलंच पाहिजे. पण रस्ता होईपर्यंत आजारी माणूस थांबत नाही.

माझी संचालक मंडळाला नम्र सूचना आहे. गळीत हंगाम संपल्यावर महिन्यातून एक दिवस सभासदांच्या गाड्यांना पुढचं-मागचं वजन करण्यासाठी वजनकाटा मोकळा ठेवावा, आणि गाडीखात्यातल्या एखाद्या जाणत्या मिस्त्रीने तिथे थांबून वरचा हिशेब करून द्यावा. कारखान्याला खर्च जवळपास नाही, आणि सभासदांचे हजारो रुपये वाचतील.

पुतण्याचे जाड पाटे निघाले. गाडी जवळपास मूळ उंचीवर आली, पातळ पाटे आणि त्यांना शोभणारे शॉकप बसले. आता चार पोत्यांना ती तीन सेंटीमीटर दबते, हेलकावे मिनिटाला एकशेदहाच्या आसपास. पाट्यांच्या जीपला याहून फार मऊ करणं भरल्या गाडीत परवडत नाही. पण तपासणीसाठी परवा दवाखान्यात जाताना वहिनी आपणहून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. पाणंद संपेपर्यंत त्या बोलत होत्या, आणि एकदाही "थांबव" म्हणाल्या नाहीत.

तेव्हा बंधूंनो, आधी ओझं मोजा, मग स्प्रिंग निवडा, तिच्या जोडीने शॉकप घ्या, आणि उंचीचा विचार सगळ्यात शेवटी करा. आपण हा क्रम नेमका उलटा करतो, एवढंच माझं म्हणणं आहे.



आपला,
एक सभासद
(निवृत्त, गाडीखाते)