पाच नावे, एक श्रेणी

प्रति,
मा. संचालक,
महाराष्ट्र राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे

विषय : ऑनलाइन गटप्रकल्पांचे मूल्यमापन



२० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि आकारिक मूल्यमापनाच्या आठ साधनांमध्ये प्रकल्पाला मानाची जागा मिळाली. तेव्हाचा प्रकल्प कार्डशीट आणि स्केचपेनचा होता. आता बऱ्याच शाळांत तो सामायिक गूगल स्लाइड्सवर होतो आणि निम्मी चर्चा व्हॉट्सॲप ग्रुपवर. श्रेणी देण्याची रीत मात्र जुनीच : पाच मुलांचे एक काम, पाचही नावांपुढे एकच श्रेणी.

सातवीचा ‘गावचे पाणी’ हा प्रकल्प घ्या. एकीने आजीला बोलते करून बुजलेल्या विहिरींची यादी मिळवली. दोघांनी टाकीचे आणि गळक्या नळांचे फोटो काढले. एकाने रात्री जागून स्लाइड्स जुळवल्या. पाचव्याने ग्रुपवर अंगठा दाखवला. श्रेणी सगळ्यांना अ-१.

हा पाचवा काही आजचा नाही. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमान याने दोर ओढणाऱ्यांचा जोर मोजला होता. १९१३ मध्ये छापलेल्या त्याच्या आकड्यांनुसार, आठ जण एकत्र ओढू लागले की माणशी जोर एकट्याच्या जोराच्या निम्म्यावर येतो. अमेरिकेत विल्यम्स, हार्किन्स आणि लाताने यांनी १९८१ मध्ये दाखवले की आपला वाटा वेगळा ओळखू येणार हे कळले, की ही ढिलाई जाते. म्हणजे प्रश्न मुलांच्या आळसापेक्षा आपल्या नोंदवहीचा जास्त आहे.

मग वाटा ओळखायचा कसा? व्हर्जन हिस्टरी उघडा, असे तंत्रस्नेही मंडळी सांगतात. कोणत्या खात्यावरून कधी काय बदलले, हे तिथे दिसते खरे. पण दिसते ते टंकलेखन. आजीजवळ तासभर बसलेली मुलगी त्या यादीत नसतेच. शिवाय तेरा वर्षांखालच्या मुलाला पालकांच्या देखरेखीशिवाय गूगल खाते काढता येत नाही आणि अनेक घरांत फोन एकच, तोही वडिलांचा. सातवीच्या स्लाइड्सचा इतिहास उघडावा तर संपादक म्हणून निघतात पप्पा. (कधीकधी काम खरोखरच पप्पांचे असते, ती गोष्ट वेगळी.)

मोठमोठ्यांनाही हे कोडे सुटलेले नाही. २०१५ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत ५२ देश आणि प्रदेशांतल्या मुलांचे सहकार्य तपासले गेले. सिंगापूर पहिले आले. पण मुलांचे जोडीदार होते संगणकातले, ठरावीक उत्तरे देणारे. सगळ्यांना सारखी परीक्षा हवी, तर रुसणारा, नेट गेले म्हणून गायब होणारा खराखुरा मित्र परवडत नाही. इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या (आयबी) पदविका अभ्यासक्रमात विज्ञानाचा दहा तासांचा सामूहिक प्रकल्प सक्तीचा आहे, पण त्याला गुण नाहीत. विद्यार्थ्याने स्वतःचे छोटे मनोगत लिहायचे, एवढेच.

आपल्याकडे मधली वाट निघू शकते. गटाच्या कामाची श्रेणी राहू द्यावी, तिच्या शेजारी प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद यावी. ती नोंद प्रकल्प अर्ध्यावर असताना घेतलेल्या दोन मिनिटांच्या तोंडी प्रश्नांवरून व्हावी : तू काय शोधलेस, ते खरे कशावरून, गटातल्या कोणाचे म्हणणे ऐकून तू काय बदललेस? शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या समग्र प्रगतिपत्रकात सहाध्यायी मूल्यमापन आहे. पण मित्राला दहापैकी किती, असे विचारले की मुले एकतर दोस्ती निभावतात नाहीतर उट्टे काढतात. कोणाची कोणती गोष्ट उपयोगी पडली, हे विचारले की नावे आपोआप बाहेर येतात. विहिरींची यादी करणारी मुलगी तिथे सापडेल.

साठ मुलांच्या वर्गात दोन-दोन मिनिटे म्हणजे दोन तास. ऑनलाइन माहिती भरण्यात बुडालेल्या शिक्षकाला तेही जड जातील. म्हणून सत्राला चार किरकोळ प्रकल्पांऐवजी एकच नीट प्रकल्प पुरे, असे परिषदेने लेखी कळवावे आणि नमुना नोंदपत्रकात वैयक्तिक वाट्याचा रकाना पुढच्या सत्रापूर्वी घालावा.