निळा मुलगा आणि तिसरा क्यूब

सुरुवातीलाच सांगते, मी कॉन्व्हेंटची. मराठी विभागात लिहितेय म्हटल्यावर रूममेटला हसू आवरेना. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या, मुद्दा तेवढा बघा.

शाळेत आम्हाला ग्रीक दंतकथा होत्या. क्रीट बेटाचा राजा मिनोस, त्याचा भूलभुलैया आणि आत बसलेला अर्धा माणूस, अर्धा बैल. वाटायचं, नुसती गोष्ट! मग सबमिशनच्या तोंडावर (म्हणजे अर्थातच अभ्यास सोडून) लायब्ररीत एक पुस्तक चाळताना कळलं की त्या बेटावर साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी खरंच मोठमोठे राजवाडे होते. सिव्हिलवाल्यांनो, नोसोसच्या राजवाड्यात भाजलेल्या मातीचे पाइप होते, एका टोकाला निमुळते, एकात एक बसणारे. खोल्यांत उजेड यावा म्हणून मधे उघडे चौक होते. मी तर प्रेमातच पडले.

नोसोसला आधी १८७८ साली मिनोस कालोकेरिनोस या तिथल्याच माणसाने थोडं खोदकाम केलं होतं. मोठं उत्खनन सुरू केलं इंग्रज आर्थर इव्हान्सने, १९०० साली. 'मिनोअन' हे नाव त्यानेच दंतकथेतल्या राजावरून रूढ केलं. ते लोक स्वतःला काय म्हणायचे, कुणालाच ठाऊक नाही!

आणि इथेच माझं भांडण सुरू होतं. इव्हान्सला रिकामी जागा बघवत नसे. भिंतीवरच्या चित्राचे तुकडे मिळाले, त्यातून केशराची फुलं वेचणारा निळा मुलगा तयार झाला. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी तुकडे नीट पाहिले, तर तो मुलगा नव्हताच, माकड होतं! 'लिलींचा राजपुत्र' हे प्रसिद्ध चित्र तर विचारूच नका. धडाचा तुकडा, मुकुटाचा तुकडा, पायाचा तुकडा. चेहरा सापडलाच नाही, तो चित्रकाराने काढला. हे सगळे तुकडे एकाच माणसाचे आहेत की नाहीत, यावरही वाद आहे. अहो, आपण जीटी मारतो तेव्हा काचेवर निदान खाली पूर्ण शीट तरी असते!

इव्हान्सची बाजूही सांगायला हवी. लाकडी खांब केव्हाच नष्ट झालेले, जिना कोसळायच्या बेतात. आधार दिला नसता तर आज तो जिना दिसलाच नसता. म्हणून आरसीसी वापरलं याबद्दल माझी तक्रार नाही. पण आधार देणं वेगळं आणि अंदाजाने वरचे मजले बांधून रंगवणं वेगळं. २०२५ साली युनेस्कोने नोसोससह क्रीटमधली सहा मिनोअन केंद्रं जागतिक वारसा यादीत घेतली. तिथे जाणारा माणूस लाल खांबांचे फोटो काढतो, तेव्हा त्यातलं काँक्रीट विसाव्या शतकातलं असतं.

उलट उदाहरणही तिथलंच आहे. नोसोसला दोन लिप्यांतल्या मातीच्या पाट्या मिळाल्या, लिनिअर ए आणि लिनिअर बी. 'बी'ची भाषा ग्रीक नाही, यावर इव्हान्स ठाम होता. अमेरिकेतल्या ॲलिस कोबर या प्राध्यापिकेने भाषा कोणती याचा अंदाज बांधायलाच नकार दिला. कोणती चिन्हं कोणत्या शब्दांच्या शेवटी बदलतात, एवढंच ती वर्षानुवर्षं कार्डांवर नोंदवत राहिली. कार्डं ठेवायला सिगारेटची रिकामी खोकी! १९५० साली ती गेली. मायकल व्हेंट्रिस हा आर्किटेक्ट तिच्या कामाच्या आधाराने पुढे गेला. त्याला आधी वाटायचं की भाषा एट्रुस्कनच्या जवळची असणार. १९५२ मध्ये पुरावा ग्रीककडे गेला, आणि त्याने आपलं मत सोडलं. केवढं मोठं मन लागतं त्याला! 'ए' मात्र अजूनही उलगडलेली नाही. पाट्या आहेत, अर्थ नाही. ती जागा रिकामी आहे आणि तशीच ठेवली आहे.

आता आपल्या लॅबमध्ये येऊ. आमच्या बॅचने तीन क्यूब फोडले. दोन २७-२८ ला गेले, तिसरा १९ लाच फुटला. आयएस ४५६ प्रमाणे एक क्यूब सरासरीपासून १५ टक्क्यांपेक्षा जास्त हलला की ते सँपल बाद. पण पुन्हा क्यूब भरून २८ दिवस कोण थांबणार? जर्नलमध्ये लिहिलं २६. ते अक्षर माझंच होतं. जर्नल चेक झालं, सही मिळाली.

आज वाटतं, तो १९ हेच आमचं माकडाचं शेपूट होतं. टॅम्पिंग कमी झालं होतं? क्यूरिंग चुकलं होतं? आता कधीच कळणार नाही, कारण आम्ही त्यावर सुंदर निळा मुलगा रंगवला. उद्या साइटवर हाच तिसरा क्यूब खऱ्या कॉलमचा असेल.

माझं म्हणणं एवढंच, मित्रांनो, न जुळणारं रीडिंग तसंच लिहा आणि खाली कारण शोधा. आणि सरांना विनंती, १९ लिहिणाऱ्याचे मार्क कापू नका. मार्क कापले जातात म्हणून तर आम्ही इव्हान्स होतो!